न्यूटनच्या घरच्या भिंती

इंग्लंडला गेलेला माणूस बहुधा राजवाडे पाहून येतो. आम्ही मात्र एका शेतकऱ्याचे घर पाहायला गेलो. लिंकनशायरमध्ये ग्रँथम शहराच्या दक्षिणेला वूल्सथॉर्प नावाचे लहानसे खेडे आहे. थोर शास्त्रज्ञ आयझॅक न्यूटन इथलाच.

घर दुमजली, वर माळा. या भागात चुनखडीचा दगड मुबलक, म्हणून भिंती त्याच दगडाच्या आणि चांगल्या जाड. खिडक्या पाहून नवल वाटले. लाकडाच्या चौकटीऐवजी दगडाचेच उभे खांब घालून त्यांचे कप्पे पाडले आहेत. खाली स्वयंपाकघर आणि मोठी खोली. भिंतीतच बांधलेली थोरली चूल. हिवाळ्यात सारे घर तिच्याभोवती बसत असेल. नावाला हे ‘मॅनर’, पण थाटमाट काही नाही.

वाचकहो, न्यूटनच्या बापाला स्वतःची सही करता येत नव्हती! मुलगा जन्मण्याआधीच, १६४२ साली, तो वारला. पुढे आईने मुलाला शाळेतून काढून शेतीला जुंपले. शेतीत त्याचे लक्ष लागेना. शाळेच्या मुख्याध्यापकांनी आणि मामांनी आईची समजूत घातली, म्हणून तो पुन्हा शाळेत गेला. १६६१ साली केंब्रिजला पोचला तोही श्रीमंत विद्यार्थ्यांची कामे करून शिकणारा मुलगा म्हणून. १६६५ साली प्लेगमुळे विद्यापीठ बंद झाले तेव्हा तो याच घरी परतला. प्रकाश, गुरुत्वाकर्षण, गणित यांचा पाया त्याने त्या काळात घातला.

अंगणात सफरचंदाचे झाड आहे. १८२० साली वादळात ते कोसळले, पण मुळे जिवंत राहिली आणि पुन्हा फुटले. फळ डोक्यात पडल्याची गोष्ट मात्र खरी नव्हे. ते पडताना पाहिले, एवढेच न्यूटन म्हातारपणी सांगे.

२०१७ साली चुलीजवळच्या भिंतीवर खास प्रकाश टाकून पाहणी केली, तेव्हा पवनचक्कीचे एक कोरलेले चित्र सापडले. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. लहानपणी न्यूटननेच ते काढले असावे असे मानतात. आमची लेक तिथे बराच वेळ डोळे बारीक करून उभी राहिली. भिंतीवर पेन्सिल चालवली म्हणून तिला घरी आम्हीच रागावलो होतो.