उ उंदराचा, क पण उंदराचा

अंकलिपीबद्दलचं माझं मत विद्यार्थी असतानाच पक्कं झालं होतं. छपाई भिकार, रंग रेषांबाहेर सरकलेले, आणि अननसापासून ज्ञानेश्वरांपर्यंत पिढ्यानपिढ्या तीच चित्रं. मुळाक्षरांचं पुस्तक चित्रकारानंच करायला हवं, असं मी चारचौघांत ठणकावून सांगायचो. दाखले सगळे बाहेरचे. विल्यम निकल्सनचं १८९७ सालचं लाकूडठशांचं पुस्तक, ब्रूनो मुनारीचं १९६०चं. मराठीत असं कुणी करत नाही ना, मग मी करतो, म्हणून लिनो आणि कोरण्या घेऊन बसलो.

मुनारीच्या पुस्तकात एक माशी आहे. आपल्या अक्षराच्या पानावर ती येते आणि तिथून निसटून पुढच्या पानांवर भटकत राहते. ही युक्ती मी सरळ उचलली. आपली माशी ‘म’वर, मुंगीही ‘म’वर, म्हणजे पुस्तक संपत आल्यावर. म्हणून उंदीर घेतला. ‘उ’वरून सुटलेला उंदीर मग कपामागे, गवतात, टोपलीखाली. छापण्याआधी ठशांचं छोटं प्रदर्शन लावलं, तिथे मोठी माणसं उंदीर शोधण्यात रमून गेली. मी फुशारलो.

पुस्तक छापून आल्यावर ओळखीच्या बालवाडीत गेलो. ताईंनी ‘क’चं पान उघडलं. “हे काय आहे?” सगळा वर्ग ओरडला, “उंदीर!” ‘ट’ला उंदीर, ‘प’ला उंदीर. ‘ह’चा हत्ती पानभर काढला होता, त्याच्या पायाशी बोटाएवढा उंदीर, तरी उंदीरच. ताई मला म्हणाल्या, “सर, पोरांची काय चूक? त्यांनी शोधून काढला की!” मुनारीच्या पानांवर एका अक्षराच्या दोनतीन वस्तू एकत्र नांदतात, त्यामुळे तिथली माशी हा एक जास्तीचा खेळ होतो. माझ्या पानावर अक्षर एक, वस्तू एक. तिथे उंदीर सोडणं म्हणजे मुलांना चुकीचं उत्तर पढवणं. हे मला चित्र काढताना सुचायला हवं होतं, वर्गात उभं राहून नव्हे.

निकल्सननं पहिल्याच अक्षराला स्वतःला रस्त्यावरचा चित्रकार म्हणून काढलंय. त्या नादात मी ‘च चित्रकाराचा’ करून तिथे दाढीसकट बसलो. मुलांनी ते पान भराभर उलटलं.

इथवरचं हसण्यावारी नेता येईल. अक्षरांचं जे केलं, ते नाही. शिरोरेघ मला चौकटीत खटकायची. सगळ्या पानांवर वरच्या बाजूला तोच आडवा दांडा, रचनेला मोकळा श्वास नाही. काढून टाकली. गुजरातीला नाही, तर आपल्याला कशाला, हा युक्तिवादही तयार होता. पण गुजराती अक्षरांची वळणं रेघेशिवाय उभी राहायला घडलेली आहेत. आपल्या ‘घ’वर रेघ सलग जाते, ‘ध’वर ती तुटते, ‘म’ आणि ‘भ’चंही तसंच. रेघ गेली की फरक उरतो तो माथ्यावरच्या बारीकशा गाठीपुरता, आणि ती गाठ माझ्या जाड कोरणीखाली बोथट झाली. घराच्या आणि धरणाच्या पानांवर जवळजवळ एकच अक्षर छापलं गेलं.

‘ख’चं तर पहिलीतल्या एका मुलीनंच दाखवून दिलं. डावा आणि उजवा भाग खाली जोडलेले असतात, ते मी डौलासाठी सुटे ठेवले होते. तिनं बोट ठेवलं. “हा र. हा व.” मग वरच्या चित्राकडे बघून म्हणाली, “खारीखाली रव का लिहिलंय?”

संपादकबाईंनी कच्च्या छापावर पेन्सिलीनं ‘रेघ?’ एवढंच लिहून पाठवलं होतं. मी उलट कळवलं, हा आकाराचा प्रश्न आहे, अक्षराचा नाही. ती चिठ्ठी आठवली की अजून कान गरम होतात. पुस्तक छापायला देईपर्यंत मी ते गावभरच्या चित्रकारांना दाखवलं, पण वाचायला शिकणाऱ्या एकाही मुलाला नाही.

आणि माझ्यासमोर घरचा दाखला होता. रवींद्रनाथांच्या १९३० सालच्या ‘सहज पाठ’मधल्या नंदलाल बोसांच्या लिनोकामावर मी विद्यार्थ्यांपुढे तासन्‌तास बोललोय. तिथे अमुक अक्षर तमुकाचं, हा मामलाच नाही. कवितेत अक्षरंच काहीबाही उद्योग करतात, आणि नंदलाल भोवतालचं गाव काळ्या-पांढऱ्यात उभं करतात. शब्द मात्र छापील, ठसठशीत. सगळी मस्ती चित्रात, अक्षराची मोडतोड कुठेच नाही. मी काळ्या-पांढऱ्याचा तोल तेवढा बघत बसलो होतो.

आता नवे ठसे कोरतोय. रेघ परत आली, ‘ख’चे पाय जोडले, ‘श’ देठाचा आणि ‘ल’ पाकळीचा, शाळेत शिकवतात तसे. उंदीर ‘उ’वरच थांबलाय, त्यावरून बालवाडीत नाराजी आहे. ‘ण’ला बाण, ‘ळ’ला बाळ निमूटपणे अंकलिपीतूनच घेतले, कारण या अक्षरांनी सुरू होणारा शब्द मुलांना द्यायचा कुठून? ‘ष’चा षटकोनही तिथलाच. आधी तिथे मी षड्ज लावणारा गवई काढला होता, डोळे मिटलेला, एक हात कानावर. पुस्तकातलं सगळ्यात देखणं चित्र, असं मला आजही वाटतं. मुलं म्हणाली, काकांचा कान दुखतोय.