गुडघा दगा देतो

गुडघेबदलाची शस्त्रक्रिया झाल्यावर आमच्या धर्मग्रामातील एका आजींनी पहिल्या वर्षी मोठ्या आनंदाने नाशिकरोडच्या बाळ येशूची यात्रा केली. दुसऱ्या वर्षी त्या आल्या नाहीत. आम्ही घरी गेलो, तेव्हा म्हणाल्या, "फादर, सपाटीवर चालता येतं, पण पायरी उतरताना गुडघा दगा देतो. आपला वाटतच नाही." एक्स-रेत दोष दिसत नव्हता. मुलगा म्हणे, आई व्यायाम टाळते. सून म्हणे, भीती बसली आहे. आणि आम्ही? धीर धरण्याचा उपदेश केला, चहा घेतला आणि परतलो.

आपण सहज 'वाटी बदलली' असे म्हणतो. वास्तविक मांडीच्या व नडगीच्या हाडांची झिजलेली टोके कापून त्यांवर धातूचे भाग बसवितात आणि मध्ये पॉलिएथिलीनची चकती ठेवितात. परंतु हे सारे जागच्या जागी धरून ठेवितात ते आपलेच अस्थिबंध व मांडीचे स्नायू. पाय सरळ असो वा वाकलेला, त्या बंधांचा ताण योग्य राहावा लागतो. वाकलेल्या गुडघ्यात तो सैल पडला, की खुर्चीतून उठताना, पायरी उतरताना सांधा डळमळतो; वरचेवर सूज येते. साध्या एक्स-रेत हे पुष्कळदा दिसत नाही. जाणत्या हाताने सांधा हलवून पाहावा लागतो.

२००० साली डाव्या व २००१ साली उजव्या गुडघ्यावर तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेतल्या आणि वृत्तपत्रांतून हा उपचार घरोघर ठाऊक झाला. बहुतेकांना त्याचा लाभच होतो. म्हणूनच ज्याला होत नाही, तो आपल्या घरातही एकटा पडतो.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी आजींचा गुडघा वाकवून, पुढे-मागे ओढून पाहिला आणि म्हणाले, "आजी सांगतात ते खरं आहे." आजींना रडू कोसळले. तूर्त पट्टा आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम चालू आहेत. तेवढ्याने न भागल्यास चकती वा सांधा बदलण्याची पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल.

वाचकहो, आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही चहा तरी घेतलात."

आता मिस्सेत ख्रिस्तशरीर आम्हीच त्यांच्या बाकापाशी नेतो. वेदीच्या तीन पायऱ्या उतरताना आपला गुडघा आपलाच आहे, हे आम्हाला दर रविवारी नव्याने जाणवते.