सड्यावरची शर्यत आणि शेवटून पहिला

रत्नागिरी म्हटले की बाहेरगावच्या माणसाला हापूस आंबा, मिरकरवाड्याची मासळी आणि भाट्याचा किनारा आठवतो. आपल्या धम्मबांधवांना त्याबरोबर थिबा राजाही आठवतो. ब्रह्मदेशाच्या या बौद्ध राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढले आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० साली बांधून झालेल्या राजवाड्यात तो राहिला आणि १९१६ साली येथेच वारला. मुंबईचे चाकरमानी गावी आले की मुलाबाळांना राजवाडा दाखवतात, दोन फोटो काढतात आणि परत जातात. ते सर्व योग्यच आहे. परंतु आज मी वाचक बंधू-भगिनींना शहराच्या बाहेर, सड्यावर नेणार आहे.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुले येतात, दिवाळीनंतर गवत वाळते आणि शिमग्याच्या सुमारास सारा कातळ तव्यासारखा तापतो. येथे नांगर चालत नाही. म्हणून सडा म्हणजे निकामी जमीन असे आपण समजत आलो. प्रत्यक्षात याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी चित्रे कोरून ठेवली आहेत. उक्षी आणि कशेळी येथे हत्ती आहेत. जांभरूण, बारसू, देवाचे गोठणे येथेही कातळशिल्पे आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांची नोंद झाली. ती कोणी कोरली, त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. परंतु जे प्राणी त्यांच्या डोळ्यांसमोर चालले, पळाले, ते त्यांनी दगडावर धरून ठेवले. धावती वस्तू धरून ठेवण्याची माणसाची हौस इतकी जुनी आहे.

अशाच एका सड्यावर, कातळशिल्पांपासून दूर, एका स्थानिक क्लबाने मोटारसायकलींच्या शर्यती भरवल्या होत्या. मी तेथे गेलो तो माझ्या भाच्यामुळे. भाचा म्हणजे आमच्या बौद्धवाडीतल्या चुलत बहिणीचा मुलगा. तो शहरात एका गॅरेजमध्ये कामाला आहे. “मामा, तुझा कॅमेरा घेऊन ये,” एवढाच निरोप त्याने दिला. माझ्याकडे जुना, दुसऱ्या हाताचा डिजिटल कॅमेरा आहे. कार्यालयीन कामातून सुट्टी मिळाली की मी तो गळ्यात अडकवतो. जयंतीची मिरवणूक, वर्षावासातील प्रवचने, वाडीतील लग्ने एवढेच माझे छायाचित्रण. शर्यतीचे फोटो मी कधीच काढले नव्हते.

रविवारी सकाळी भाकरी आणि सुकटीची चटणी डब्यात घेऊन मी पोहोचलो तेव्हा टेम्पोंतून गाड्या उतरत होत्या. काही कोल्हापूरहून आंबा घाट उतरून आल्या होत्या, काही सिंधुदुर्गातून. वाळूच्या पोत्यांनी आणि जुन्या टायरांनी वाट आखली होती. मातीचे उंचवटे केले होते, त्यांवरून गाडी उडते. पाण्याचा टँकर धूळ बसवण्यासाठी फिरत होता, कारण खालच्या बागांमध्ये आंब्याला मोहोर आला होता आणि बागायतदारांनी आधीच कुरकूर केली होती. एका बाजूला रुग्णवाहिका उभी होती.

मोठ्या शहरांतील शर्यतींच्या बातम्या आपण वाचतो. २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. परदेशी स्वार आले, दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले. क्लबाची शर्यत तशी नसते. येथे १९९६ साली बंद झालेली यामाहा आरएक्स १०० अजून धावते. तिचा आवाज ऐकून म्हातारी माणसेही मान वळवतात. तिच्या शेजारी नवी एक्सपल्स उभी असते. नवशिक्यांचा गट वेगळा, मूळ स्थितीतल्या गाड्यांचा वेगळा, फेरफार केलेल्या गाड्यांचा वेगळा. स्वारांत डॉक्टरचा मुलगा असतो, बागायतदाराचा असतो, आणि दुसऱ्याच्या गाड्या दुरुस्त करणारा माझ्या भाच्यासारखाही असतो. त्याची गाडी गॅरेजमालकाची होती, हेल्मेट मित्राचे आणि बूट कोणाचे तरी वापरून टाकलेले.

तोवर मला वाटत होते की तो मेकॅनिक म्हणून आला आहे. त्याच्या आईलाही त्याने तसेच सांगितले होते. छातीवर नंबर बांधलेला पाहून माझ्या पोटात गोळा आला. “आईला सांगितलंस?” मी विचारले. त्याने खाली पाहिले.

फोटो काढायला उभे राहण्यापूर्वी काही गोष्टी शिकून घ्याव्या लागतात. तेथल्या एका जुन्या जाणत्या झेंडेवाल्याने मला त्या समजावल्या. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधी उभे राहायचे नाही, कारण घसरलेली गाडी बाहेरच जाते. उंचवट्यावरून गाडी जेथे उतरते त्याच्या पुढे थांबायचे नाही. वाटेकडे पाठ करायची नाही. स्वाराच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे शर्यत थांबली, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, तिला वाट दे, आणि काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा म्हणजे शर्यत संपली. भगवान बुद्धांनी ज्याला अप्रमाद म्हटले, म्हणजे सदैव सावध राहणे, तो येथे स्वाराला हवा आणि फोटो काढणाऱ्यालाही हवा.

माझे पहिले पन्नास फोटो वाया गेले. कशात नुसती धूळ, कशात मागचे अर्धे चाक. मग मी कॅमेऱ्याचा वेग वाढवला, एक-हजारांश सेकंद केला. आता गाडी स्पष्ट आली, परंतु चाकांचे आरेसुद्धा मोजता येत होते. जणू कोणी गाडी उभी करून वर बसला आहे. हिशेब करून पाहिला तेव्हा उलगडा झाला. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. एक-हजारांश सेकंदात ती जेमतेम एक सेंटिमीटर सरकते, म्हणून फोटोत थांबलेली दिसते. एक-साठांश सेकंदात ती सुमारे १८ सेंटिमीटर सरकते. तेव्हा कॅमेऱ्याचा वेग कमी ठेवायचा आणि स्वाराच्या बरोबरीने आपणही कॅमेरा वळवत राहायचे, बटण दाबल्यावरही थांबायचे नाही. मग स्वार स्पष्ट येतो, चाके फिरताना दिसतात आणि मागची झाडे, माणसे रेघांसारखी पसरतात. याला पॅनिंग म्हणतात. दहांत एखादा फोटो साधतो.

या प्रकारातील जगप्रसिद्ध फोटो एका हौशी मुलानेच काढला. फ्रान्समधला झाक आंरी लार्तिग हा १८९४ साली जन्मलेला, श्रीमंत घरचा मुलगा. १९१२-१३ च्या सुमारास, विशी गाठण्याआधी, त्याने मोटारींच्या शर्यतीचा एक फोटो घेतला. त्यात मोटारीचे चाक अंड्यासारखे लांबट होऊन पुढे झुकले आहे, बघे उलट दिशेला कलले आहेत आणि मोटारीचा पुढचा भाग कापलाच गेला आहे. त्या काळच्या कॅमेऱ्याचा पडदा सावकाश सरकत असे आणि मुलाने कॅमेराही वळवला होता, त्यामुळे असे झाले. पुढे तोच फोटो वेगाचे चित्र म्हणून नावाजला. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने लार्तिगच्या फोटोंचे प्रदर्शन भरवले. मला त्यातले एवढेच घ्यावेसे वाटते की फोटो जपून ठेवला होता म्हणून तो पन्नास वर्षांनी जगापुढे आला.

नवशिक्यांची शर्यत सुरू झाली. चौदा गाड्या सुटल्या. दुसऱ्या फेरीत, माझ्यासमोरच्याच वळणावर, भाच्याची गाडी घसरली. माझे बोट बटणावर होते, ते दाबले गेले. गाडी हवेत आडवी, तो हात पसरून खाली, लाल माती छत्रीसारखी वर उडालेली. छायाचित्र म्हणून त्या दिवसातले माझे सर्वांत चांगले तेच आले, हे मी आजही कबूल करतो. पिवळा झेंडा हलला. मी धावणार तोच तो उठला. गाडी उभी केली, किक मारली, परत मारली. सात-आठ वेळा मारल्यावर ती सुरू झाली.

पहिला आलेला स्वार कधीच पोहोचला होता. ध्वनिक्षेपकावरून बक्षिसांची नावे पुकारली जात होती. गळ्यात मोठमोठी भिंगे अडकवलेली सगळी मंडळी तिकडे धावली होती. वाटेच्या कडेला झेंडेवाला आणि मी असे दोघेच उरलो. चौदांपैकी नऊ जणांनी शर्यत पुरी केली, त्यांतला नववा माझा भाचा. तो आला तेव्हा झेंडेवाल्याने चौकड्यांचा झेंडा जसा पहिल्यासाठी हलवला होता तसाच त्याच्यासाठी हलवला. तो क्षण मी टिपला. फोटो थोडा हललेला आहे.

संध्याकाळी एका ओळखीच्या गृहस्थांनी माझे फोटो पाहिले. “हा पडल्याचा मला द्या, छापून आणतो,” ते म्हणाले. भाचा शेजारीच होता. “मामा, तो नको रे देऊस. आईला कळेल.” मी तो फोटो दिला नाही. पडलेल्या माणसाचा फोटो आधी त्या माणसाचा असतो, काढणाऱ्याचा नंतर. आपल्या समाजाचे फोटो बहुतेक वेळा वर्तमानपत्रांत केव्हा आले? जळालेली घरे, रडणाऱ्या बाया, असेच. त्यांचीही गरज असते, अन्याय जगापुढे आलाच पाहिजे. परंतु गाडी उचलून पुढे गेलेल्याचा फोटो कोण काढणार?

मात्र भाच्याला मी दुसरी गोष्टही सांगितली. “आईपासून लपवण्यात मी तुझा साथीदार होणार नाही. आठ दिवसांत तू सांग.” त्याने सांगितले नाही. आठ दिवसांनी मी शेवटच्या फोटोची मोठी प्रत काढून त्यांच्या घरी गेलो. माझी बहीण काजूच्या कारखान्यातून नुकतीच आली होती. तिने हात पुसून फोटो घेतला. गाडी पाहिली नाही, झेंडा पाहिला नाही. “दादा, याच्या कोपराला हे काय झालंय?” मी शंभर वेळा पाहिलेल्या फोटोतले रक्त मला दिसले नव्हते. ते तिला पहिल्या नजरेत दिसले.

मग भाच्याने सर्व सांगितले. ती रागावली, रडली नाही. तिने मला विचारले, “पडून काही झालं असतं तर दवाखान्याचा खर्च कोण देणार होता?” संस्थांची कामे करणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या मला हा प्रश्न त्या दिवशी सुचला नव्हता. माझ्याजवळ उत्तर नव्हते. थोड्या वेळाने ती मुलाला म्हणाली, “परत जाणार असशील तर आधी गुडघ्या-कोपरांचं काय ते नीट घे. लोकांचे बूट घालून जायचं नाही.” फोटो तिने भिंतीवर लावला नाही. रेशनकार्ड आणि शाळेचे दाखले ज्या पिशवीत असतात, तीत घडी न पडेल असा ठेवला.

क्लबाच्या मंडळींना मी नंतर भेटलो. प्रत्येक स्वाराचा विमा आहे की नाही ते नाव घेतानाच पाहावे, घरच्या मोठ्या माणसाची सही घ्यावी आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी हेल्मेट, बूट, कोपर-गुडघ्यांची कवचे क्लबाने ठेवावीत, असे सुचवले. त्यांनी ऐकून घेतले. पुढच्या मोसमात किती अमलात येते ते मी पाहणार आहे. पालकांनाही एक विनंती. मुलाला वेगाची ओढ असेल तर तो चोरून महामार्गावर, हातखंब्याच्या रस्त्याला गाडी पळवील, त्यापेक्षा आखलेल्या वाटेवर, झेंडेवाला आणि रुग्णवाहिका असलेल्या ठिकाणी, तुमच्या डोळ्यांदेखत पळवू दे.

घरी आल्यावर मी आमच्या आजोबांचा एकुलता एक फोटो काढून पाहिला. गावच्या धम्मदीक्षेच्या वेळचा समूहफोटो आहे. आजोबा अगदी कडेला उभे आहेत आणि त्यांचा एक खांदा कापला गेला आहे. मागे कोणाचेही नाव लिहिलेले नाही. त्यांच्या शेजारी उभे असलेले दोघे कोण, हे सांगणारे आता वाडीत कोणी उरले नाही. परमपूज्य बाबासाहेबांची ७ डिसेंबर १९५६ ची मुंबईतील अंत्ययात्रा आज आपण पाहू शकतो, ती नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून चित्रित केली म्हणून. मुंबईचे सफाई कामगार कोणत्या घाणीत उतरतात ते जगाने पाहिले, ते सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर राहून फोटो काढले म्हणून. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. आपल्या हातांत आज घरोघरी फोन आहे आणि त्यात कॅमेरा आहे. आपण त्यात काय धरून ठेवतो?

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे. शर्यत असो, कबड्डीचा सामना असो की जयंतीची मिरवणूक असो, बक्षीस घेणाऱ्याचा फोटो कोणीतरी काढतोच. तुम्ही थोडा वेळ वाटेवर थांबा आणि शेवटी येणाऱ्याचा काढा. कडेचा माणूस कापला जात असेल तर दोन पावले मागे सरा. एक प्रत कागदावर काढून त्याच्या घरी नेऊन द्या आणि मागे नाव, गाव, तारीख लिहा. भाच्याच्या फोटोमागे मी ते लिहिले आहे. त्याखाली त्याने स्वतःच्या अक्षरात भर घातली आहे: शेवटून पहिला.

जय भीम!