इफ्तारचा जार

रमजानात आमच्या मोहल्ल्यात सामूहिक इफ्तार होती. खजूर, फळं, भजी बाकीच्यांकडे, पाणी माझ्याकडे. पाणी पाजणं सवाबाचं काम, म्हणून मीच मागून घेतलं. फोन केला, वीस लिटरचे दहा थंड जार सांगितले, भाव पाडून घेतला आणि मोकळा झालो. पाणी कुठून आणता, हे विचारलंच नाही.

दोन दिवसांत माझ्या मुलासकट पाच-सहा पोरांना उलट्या-जुलाब सुरू झाले. फळंही उघडी चिरलेली होती, त्यामुळे पाण्यानेच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण ओळखीच्या आरोग्य कर्मचाऱ्याने जारमधलं उरलेलं पाणी तपासणीच्या छोट्या बाटलीत भरलं. शेजारच्या बाटलीत माझ्या घरच्या नळाचं, म्हणजे वाघूर धरणाचं. दुसऱ्या दिवशी जारचं पाणी काळं पडलं होतं. विष्ठेतले जंतू असल्याची ती खूण. नळाचं तसंच होतं.

मी जारवाल्याकडे गेलो. पत्र्याची शेड, बोअर, आरओचं यंत्र. त्याने ग्लासात मीटर बुडवून दाखवला, “सर, टीडीएस फक्त चाळीस!” मीटर खरंच सांगत होता. पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जंतू त्यात मोजले जात नाहीत. नळाच्या पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक असतो, तो वाटेतही राखण करतो. आरओच्या पाण्यात तो उरत नाही. मग जार नीट धुतला नसेल, तर शुद्ध पाणीही त्यातच बिघडतं.

आपण दुकानात ‘बिसलेरी द्या’ म्हणतो आणि जी मिळेल ती बाटली घेतो. मुंबईत 1965 साली आलेलं ते नाव आता सगळ्याच बाटल्यांना चिकटलंय. पण बाटल्याही दोन जातीच्या. ‘नॅचरल मिनरल वॉटर’ झऱ्याचं किंवा भूगर्भातलं, उगमाशीच भरलेलं. त्याचं मानक आयएस 13428. आपल्याकडची बहुतेक बाटली मात्र ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’, आयएस 14543. म्हणजे बोअरचं किंवा नळाचं पाणी प्रक्रिया करून भरलेलं. एकाच कंपनीचं पाणी गावोगावच्या कारखान्यांत भरलं जातं, म्हणून लेबलवर भरल्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि तारीख बघावी. 2024 च्या अखेरीस एफएसएसएआयने हे पाणी जास्त जोखमीच्या अन्नात धरलं. आमच्या जारवर ना सील होतं, ना लेबल.

धुळ्याला अम्मीकडे नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं. ती फडक्याने गाळते, पिण्यापुरतं उकळते, माठात भरते. मी तिथेही जार लावून देणार होतो. तेव्हा ती म्हणाली होती, “बेटा, ठंडा तो है, साफ है क्या?” मला तो म्हातारपणाचा हट्ट वाटला होता.

पोरं बरी झाली, अल्लाहचे आभार. मी एकेका घरी जाऊन सांगितलं की पाणी मी आणलं होतं आणि चौकशी न करता आणलं होतं. कुणी रागावलं नाही. एका आईने विचारलं, “सर, मग शाळेत कुठलं पाणी येतं?”

सोमवारी शाळेत गेल्यावर आधी तो जार उलटा करून पाहिला. तळाला हिरवट थर होता.