धुळ्याच्या तुरुंगातले अठरा रविवार

१९३२ साल उजाडलं तेच धरपकडीत. ४ जानेवारीला गांधीजींना अटक झाली आणि देशभरचे तुरुंग भरू लागले. धुळ्याच्या तुरुंगातही सत्याग्रही येऊन पडले. घरी कसं चाललं असेल, जप्ती तर आली नसेल, बाहेर चळवळ टिकून असेल का? अशा प्रश्नांनी माणूस आतल्या आत कढत राहतो, नाहीतर हळूहळू विझतो.

त्याच तुरुंगात २१ फेब्रुवारीच्या रविवारी विनोबा गीतेवर बोलायला बसले. वय छत्तीस. श्रोत्यांत जमनालाल बजाज होते, आणि झरझर टिपून घेणारे साने गुरुजी होते. दर रविवारी एक अध्याय. १९ जूनला अठरावा अध्याय झाला.

अठरा रविवार! बाहेर काय घडेल ते कुणाच्या हाती नव्हतं. पण पुढचा रविवार येणार, एवढं ठरलेलं होतं. खवळलेल्या मनाला असा एखादा नेम लागतो. ‘शांत हो’ म्हटल्यानं मन शांत होत नाही. त्याला बसायला जागा द्यावी लागते, हाताला काम द्यावं लागतं. शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येईल इतकी सोबतही लागते.

टिळकांना मंडालेच्या तुरुंगात अशी सहकाऱ्यांची सोबतही नव्हती. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली, मधुमेहानं शरीर पोखरलेलं. तरी १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. १९१२ मध्ये पत्नी गेल्याची बातमी त्यांना त्याच कोठडीत कळली.

साने गुरुजींचं मन तर मुळातच हळवं. पण १९३३च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, त्यांनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. बाहेर सरकारची दडपशाही चालू होती आणि कोठडीत एक मुलगा आईच्या आठवणीत कोकणातल्या घरी जाऊन बसला होता. त्या पुस्तकात सरकारविषयी कडवटपणा शोधूनही सापडत नाही.

ही शांती म्हणजे जगाकडे पाठ फिरवणं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं या माणसांची पुढची वर्षं पाहावीत. विनोबा १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही झाले आणि पुन्हा तुरुंगात गेले. धुळ्यात अठरा रविवार मन निववलेल्या माणसाला त्या दाराची भीती उरली नव्हती.

आज बातम्यांचा मारा रात्री उशाशी ठेवलेल्या फोनपर्यंत येतो, आणि संतापलेलं मन सकाळी काही करायच्या आधीच थकलेलं असतं. अशा वेळी धुळ्याचा तो नेम एकदा मनावर घ्यावा. आठवड्यातला एक ठरलेला तास, एक पुस्तक, चार माणसं.

गुरुजींनी टिपलेल्या त्या रविवारांचं पुस्तक झालं, ‘गीता प्रवचने’. आणि टिपणारे गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा दलितांसाठी विठ्ठलाच्या देवळाचं दार उघडलं.