जागा खुली सुटली, आता तुम्ही थांबा

“वहिनी, तुमची पाच वर्षं झाली. जागा आता खुली सुटलीय. घरातल्या कुणा पुरुषाला पुढं करा, आम्ही मागं उभे राहतो.” देवळाच्या सभामंडपातल्या बैठकीत एका वयस्कर गृहस्थांनी हे सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. बोलणाऱ्याच्या आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती. चहा आला, विषय संपला असं सगळ्यांनी धरलं आणि बोलणं जत्रेच्या वर्गणीवर गेलं. सरपंचबाई मात्र चहा न घेता उठल्या. त्यांना ते वाक्य अजून टोचतं.

चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या, खेड तालुक्यातल्या एका गावाच्या त्या सरपंच. त्यांचं आणि गावाचं नाव इथं देत नाही. निवडणूक तोंडावर आहे आणि निकाल काहीही लागला तरी त्यांना त्याच गावात नांदायचं आहे.

15 जानेवारी 2021 रोजी राज्यातल्या चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं, त्यात त्या सदस्य म्हणून निवडून आल्या. तेव्हा थेट सरपंच निवडण्याची पद्धत बंद झालेली होती आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निकालानंतर निघायची होती. चिठ्ठी सर्वसाधारण महिलेची निघाली. पॅनेलमध्ये बारावी शिकलेल्या त्या एकट्याच, म्हणून नाव पुढं आलं. फेब्रुवारीत खुर्चीवर बसल्या आणि एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली. ऑक्सिजनचा सिलिंडर कुठं मिळेल हे विचारणारे फोन रात्रभर येत. पहिली ग्रामसभा नीट घेता येण्याआधीच गाव त्यांना ओळखू लागलं.

या पट्ट्याची हकिगत इथल्या लोकांना पाठ आहे. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, मग 1970 मध्ये नगरपालिका, 1982 मध्ये महापालिका. 1997 मध्ये मोशी, चिखली, तळवडे ही गावं शहरात गेली. इंद्रायणीच्या पलीकडे कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी ही गावं राहिली ती गावंच. त्यांच्या शिवारात आणि आसपास बजाज आली, फोक्सवॅगन आली, मर्सिडीज आली, महिंद्रा आली. मोठ्या गाड्यांचे कारखाने, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने, आणि या सगळ्यांत राबणाऱ्या माणसांच्या रात्रीच्या मुक्कामाची, पाण्याची, कचऱ्याची जबाबदारी मात्र ग्रामपंचायतीवर. एमआयडीसी आपल्या हद्दीतले रस्ते बघते. कामगार राहतो गावाच्या हद्दीत.

अडचण कुठं आहे ते सरपंचबाई नेमकं सांगतात. वित्त आयोगाचा निधी मुख्यतः लोकसंख्येवर मिळतो आणि ती लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची. त्यानंतर लातूर, नांदेड, बुलढाणा, बिहार, उत्तर प्रदेश इथून जेवढे लोक आले, तेवढे सरकारी कागदावर या गावात राहतच नाहीत. 2021 ची जनगणना झाली नाही, आता ती 2027 मध्ये आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेला अबंधित, पण त्यातूनही पगार देता येत नव्हते. घंटागाडीच्या ड्रायव्हरला, पाणी सोडणाऱ्या शिपायाला पगार द्यायचा तो ग्रामनिधीतून. ग्रामनिधी म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी, शिवाय कारखान्यांकडून येईल तो कर. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 125 नुसार कारखान्याशी ठोक रकमेचा करार करता येतो. पण एकदा झालेल्या जुन्या कराराची रक्कम वाढवून घेताना काय दमछाक होते, ते भोगलेल्यालाच ठाऊक.

म्हणून त्यांनी खोल्यांना हात घातला. गावात ज्याच्याकडे दोन गुंठे जागा उरली, त्याने पत्र्याच्या खोल्या काढल्या. दहा बाय दहाची खोली, दारात निळा ड्रम, कोपऱ्यात गॅसची शेगडी, खिळ्याला अडकवलेले कंपनीचे बूट. एका खोलीत चार-पाच पोरं, एक रात्रपाळीहून आला की त्याच अंथरुणावर तो झोपणार, दुसरा उठून जाणार. आकारणी नोंदवहीत मात्र त्या जागेवर काय लिहिलेलं? गोठा. कुठं ‘पडवी’, कुठं नुसतीच ‘मोकळी जागा’. गोठ्याला घरपट्टी किती येणार? आणि त्या गोठ्यातून दिवसाला जो कचरा निघतो तो उचलायला गाडी कुणाच्या पैशातून फिरणार?

कराची आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. ती त्यांनी खरोखर करायला लावली. ग्रामसेवक भाऊसाहेब (2024 पासून या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आधी तयार होईनात. त्या स्वतः टेप घेऊन शिपायाबरोबर गल्लीगल्लीत गेल्या. सुरुवात सासरच्या भावकीपासून केली, कारण दुसरीकडून केली असती तर ‘आधी तुमच्या भावकीचं काय?’ असं पुढच्याच दारात विचारलं गेलं असतं. चुलत दिरांच्या खोल्या मोजल्या, नोंदवल्या, बिलं दिली. त्या दिवाळीला त्या घरातून फराळाचं ताट आलं नाही.

पैसे आले. दुसरी घंटागाडी आली, शाळेमागचा कचऱ्याचा ढीग हलला, भाडेकरूंच्या गल्लीत पहिल्यांदा गटार झालं. रहिवासी दाखल्यासाठी हेलपाटे घालणाऱ्या बायकांना त्याच दिवशी दाखला मिळू लागला. पण या कामाचा गावातल्या मतांच्या हिशेबाशी मेळ बसत नाही. ज्यांच्या दारातून कचरा उचलला जातो, त्यांची नावं अहमदपूर नाहीतर दरभंग्याच्या मतदार यादीत. ज्यांची घरपट्टी वाढली, त्यांची नावं इथल्या यादीत. सदस्यांनी अविश्वास ठरावाचीही तयारी केली होती. महिलेसाठी राखीव असलेल्या पदावरच्या महिलेला काढायला तीन चतुर्थांश सदस्य लागतात. ते जमले नाहीत, म्हणून त्या टिकल्या.

याच काळात वरच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मार्च 2022 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत संपली, त्याच महिन्यात पुणे जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचीही. ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात, निवडणुका पुढे ढकललेल्या, सगळीकडे प्रशासक. निवडणुका घ्याच, असं सर्वोच्च न्यायालयाने बजावलं ते 6 मे 2025 रोजी. तोवर जिल्हा परिषदेचा सदस्य नाही, पंचायत समितीचा सभापती नाही. आमदार-खासदार सोडले तर माणसानं जायचं कुणाकडे? सरपंचाकडे. तळेगाव-चाकण रस्त्यावरचे खड्डे, चाकण चौकातली वाहतूक, विजेचा ट्रान्सफॉर्मर, पोलीस ठाण्यातली तक्रार, कंपनीतून काढलेला कामगार, यातलं एकही काम सरपंचाच्या अधिकारातलं नाही. तरी फोन त्यांनाच. ऑगस्ट 2025 मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार पहाटे चाकणची कोंडी पाहायला आले आणि या भागासाठी महापालिका करावी लागेल असं म्हणाले. गावात त्यावर दोन तट पडले आहेत. सरपंचबाईंचं मत स्पष्ट आहे: महापालिका आली तर येऊ द्या, पण ती येईपर्यंत कचरा थांबत नाही.

आता मूळ गोष्ट.

नव्या सोडतीत त्यांच्या गावचं सरपंचपद सर्वसाधारण निघालं. 2022 च्या कायदाबदलानंतर निवड पुन्हा थेट जनतेतून आहे. त्या खुल्या प्रवर्गातल्या. म्हणजे त्यांनी उभं राहायला कायद्याची काडीचीही आडकाठी नाही. सर्वसाधारण जागा स्त्रीलाही आहे, पुरुषालाही आहे. राखीव प्रवर्गातलं कुणी उभं राहिलं तरी चालतं. हे काही नव्याने सांगायला नको. तरी गावोगाव हेच चालतं: चिठ्ठी महिलेची निघाली की बाई, खुली निघाली की बापे. मग पाच वर्षं ग्रामपंचायत चालवलेली बाई पुन्हा उभं राहायचं म्हणाली, तर ती कुणाचा तरी घास हिरावतेय असं लोकांना वाटतं. ज्या माणसाला बंधित आणि अबंधित निधीतला फरक सांगता येत नाही, तो तिला सांगतो की तुमचं झालं. तिच्या कामाबद्दल बैठकीत एक शब्द निघत नाही. वाईट केलं म्हणून काढा ना! हिशेब मागा, ग्रामसभेत उभं करा, मतदानात पाडा. कामाचा निवाडा न करता केवळ चिठ्ठी बदलली म्हणून तिनं घरी बसायचं, हा अन्याय आहे, आणि तो कायद्याने केलेला नसून गावाने केलेला आहे.

बैठकीत आणखी एक वाक्य बोललं गेलं होतं. “एवढ्या वेळी दादांना उभं करू, कारभार तुम्हीच बघा.” दादा म्हणजे त्यांचे यजमान. गेली पाच वर्षं उलटा प्रचार होता की नाव वहिनींचं आणि कारभार दादांचा. वस्तुतः यजमान एका कंपनीत पाळ्या करतात आणि ग्रामपंचायतीच्या पायऱ्या क्वचितच चढतात. पत्नीसाठी मतं मागायला ते तयार आहेत, स्वतःसाठी नाहीत. त्यांनी बैठकीतच तसं सांगून टाकलं.

आरक्षण गेल्यावरही बायका निवडून येतात का, याचा अभ्यास मुंबईबाबत झालेला आहे. रिखिल भवनानी या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने मुंबई महापालिकेचे वॉर्ड तपासले. आधीच्या निवडणुकीत जो वॉर्ड महिलांसाठी राखीव होता, तो खुला झाल्यावरही तिथून बाई निवडून येण्याची शक्यता इतर वॉर्डांच्या सुमारे पाचपट निघाली. म्हणजे एकदा कारभार करू दिला की मतदार स्वीकारतात. अडतं ते बहुतेकदा उमेदवारी ठरवणाऱ्यांपाशी, सभामंडपातल्या बैठकीपाशी.

तामिळनाडूत एकदा ठरलेलं आरक्षण लागोपाठ दोन निवडणुकांना ठेवतात. महाराष्ट्रानेही तसं करावं, असं सरपंचबाई ठासून म्हणत होत्या. पाच वर्षांतली दोन वर्षं कागद समजण्यात जातात, एक वर्ष विरोधकांशी झगडण्यात, मग काम कधी करायचं? पण बोलता बोलता त्या थांबल्या. शेजारच्या गावात यंदा चिठ्ठी अनुसूचित जातीच्या महिलेची निघाली आहे. तिथं आजवर त्या वस्तीतलं कुणी त्या खुर्चीवर बसलेलं नाही. “आधीचं आरक्षण दहा वर्षं राहिलं असतं तर तिला अजून पाच वर्षं थांबावं लागलं असतं. मग ते कसं बरोबर?” या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशी नाही, आणि इथंही ते नाही. चिठ्ठीवर त्या चिडल्यात आणि चिठ्ठीशिवाय आपण सरपंच झालोच नसतो हेही त्या मान्य करतात.

काम केलं की लोक निवडून देतात, असंही नाही. हिवरेबाजारचं उदाहरण सगळे देतात. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पुढं वर्षानुवर्षं निवडणूक बिनविरोध. जानेवारी 2021 मध्ये तीस वर्षांनी मतदान झालं आणि त्यांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. पण त्याच वेळी वाळूज औद्योगिक वसाहतीजवळच्या पाटोद्यात, जिथं कर भरणाऱ्याला दळण मोफत मिळतं, तिथं भास्करराव पेरे पाटलांच्या पॅनेलला हार पत्करावी लागली. ते स्वतः उभे नव्हते, मुलगी होती. सरपंचबाई या दोन्ही गावांची नावं घेतात. पाटोद्याचं जास्त घेतात, कारण ते आपल्यासारखं कारखान्यांच्या कडेचं गाव आहे.

त्या उभ्या राहणार आहेत. घरात बोलून झालं आहे. ज्या बायकांना दाखले मिळाले, त्यांच्यातल्या काही जणी संध्याकाळी येऊन बसतात. मत इथं नाही, तरी प्रचाराला येतो म्हणतात.

आणि इथंच चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी भागात खोली करून राहणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे. तुम्ही इथं पाच-दहा वर्षं राहता, पाणी इथलं पिता, मुलं इथल्या जिल्हा परिषद शाळेत घालता. तुमचं नाव गावाकडच्या यादीत ठेवण्यात तुमचा काही फायदा नाही. राहण्याचा पत्ता बदलल्याचा नमुना 8 भरता येतो, मोबाईलवरूनही भरता येतो. नवीन मतदाराला नमुना 6. खोलीमालक नाराज होईल, होऊ द्या. ग्रामपंचायतीसाठी वेगळी यादी नव्याने बनत नाही, विधानसभेचीच यादी ठरावीक तारखेची धरून वॉर्डनिहाय फोडली जाते. त्या तारखेनंतर केलेला अर्ज या निवडणुकीला उपयोगाचा नाही. अर्ज आजच भरा, मग मत कुणालाही द्या.