उसनी काठी

कोणती वस्तू शेजाऱ्याला द्यावी आणि कोणती देऊ नये, याबद्दल आमच्या घरात दोन पक्ष आहेत. हिच्या पक्षाचे म्हणणे असे की वस्तू जरूर द्यावी, पण तिच्यावर आपले नाव असावे. म्हणून लग्नात आलेल्या पितळी डब्यापासून अलीकडे घेतलेल्या स्टीलच्या वाटीपर्यंत आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेले आहे. माझा पक्ष याहून उदार. वस्तू द्यावी, मागणाऱ्याला दुसऱ्यांदा मागायची वेळ येऊ न देता द्यावी, आणि परत आल्यावर तिला उलटसुलट करून पाहू नये. माझ्या या वृत्तीचे इमारतीत फार कौतुक आहे. ते कौतुक मी मान खाली घालून ऐकतो, आणि लोकांना तो माझा विनय वाटतो!

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमचा चकलीचा सोऱ्या घराबाहेर पडतो. चारही मजल्यांवर त्याचा मुक्काम होतो, आणि परत येतो तेव्हा त्याच्याबरोबर एका ताटलीत चार चकल्या असतात. कारण दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, हा नियम आमच्याकडे अजून पाळला जातो. एका वर्षी सोऱ्या आला, चकल्याही आल्या, पण चांदणीची चकती आली नाही. कोणत्या मजल्यावर ती राहिली हे कधीच कळले नाही. त्या वर्षी आम्ही शेवेवर दिवाळी साजरी केली. हिने कोणालाही बोल लावला नाही; फक्त नव्या सोऱ्याच्या चारही चकत्यांवर नाव कोरून आणले.

पण सोऱ्या ही सोपी वस्तू आहे. चकती हरवली तर चेंबूरच्या बाजारात दुसरी मिळते. खरी कसोटी लागते ती आमच्या कपाटामागे उभ्या असलेल्या गोल्फच्या पिशवीची.

गोल्फ म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे चिरूट ओढणारा एखादा गोरा साहेब उभा राहिला असेल, आणि अशा माणसाच्या घरी सोऱ्या कसा, असा प्रश्नही पडला असेल. त्याचा खुलासा करतो. आमचे ट्रॉम्बे म्हणजे मुळात तुर्भे. खाडीकाठची कोळ्यांची वस्ती, मागे टेकडी, पुढे तिवरांचे रान. आता खाडीपलीकडच्या नव्या मुंबईतही एक तुर्भे असल्यामुळे पाहुणे हमखास चुकीच्या काठावर उतरतात, म्हणून आम्ही नाइलाजाने ट्रॉम्बे म्हणतो. या तुर्भ्याच्या वाटेवर, चेंबूरला, 1927 साली बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब निघाला. पुढे 1954 आणि 1955 साली इथे तेलशुद्धीकरणाचे दोन मोठे कारखाने उभे राहिले, एक अमेरिकन कंपनीचा आणि एक इंग्रजी. 1956 साली वीज केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टीही चालू झाली. खाडीकाठी असे चहूकडून इंजिनियर गोळा झाले. मी त्यात आलो तो 1968 साली, अणुकेंद्राच्या यंत्रशाळेत. आदल्याच वर्षी केंद्राला डॉक्टर भाभांचे नाव देण्यात आले होते.

गोल्फशी माझी ओळख करून दिली ती माझ्या एका मित्राने. तो एका कंपनीत होता, त्या कंपनीमार्फत त्याला क्लबचे सभासदत्व होते, आणि रविवारी सकाळी तो मला पाहुणा म्हणून घेऊन जाई. क्लब म्हणजे संस्था आणि क्लब म्हणजे चेंडू मारायची काठीही, हा घोटाळा टाळण्यासाठी तिथे सगळे काठीला ‘स्टिक’ म्हणत. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त 14 स्टिका ठेवता येतात. त्यांतल्या लोखंडी तोंडाच्या स्टिकांना क्रमांक असतात. लहान क्रमांकाची लांब जाते, मोठ्या क्रमांकाची उंच. सात नंबर मधली. नवशिक्याच्या हाती पहिल्यांदा तीच देतात, आणि मुरलेला खेळाडूही अडचणीत आला की तिच्यावरच भिस्त ठेवतो. घरातल्या मधल्या भावासारखी ती. कौतुक कोणी करीत नाही, पण काम प्रत्येक जण सांगतो.

त्या काळी या वस्तू इथल्या दुकानात मिळण्यासारख्या नव्हत्या. परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध होते. ते 1991 नंतर सैल होऊ लागले आणि चैनीच्या पुष्कळशा वस्तूंवरचे तर 2001 सालीच उठले. तोवर मायदेशी परतणारा एखादा साहेब आपली पिशवी विकून जाई, किंवा कोणाचा भाऊ विलायतेहून येताना काठ्या घेऊन येई. चौदांतली एक मोडली की तेरांवर भागवायचे. म्हणजे माझा मित्र दर रविवारी आपली सात नंबर माझ्या हाती देत होता, तेव्हा तो काय देत होता हे तुमच्या ध्यानात येईल. आजच्या नियमाप्रमाणे खेळ चालू असताना दुसऱ्या खेळाडूची काठी घेऊन मारता येत नाही. नियम करणारांना मनुष्यस्वभावाची चांगली जाण असली पाहिजे. आम्ही मात्र स्पर्धेत खेळत नव्हतो, आणि तो मोठ्या मनाचा होता.

1973 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. जमीन मऊ, चेंडू एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी गवतात रुतलेला. मित्र पुढे गेला होता. मी सगळ्या अंगाने काठी फिरवली. चेंडू हातभर सरकला आणि काठी गवताखालच्या मुळावर आदळली. मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. काठी डोळ्यांसमोर धरून पाहिली, तर दांड्याला तोंडाच्या जरा वर किंचित बाक आला होता. किंचितच, तांदळाच्या दाण्याएवढा म्हणा. पण मी यंत्रशाळेतला माणूस. पोलाद एका मर्यादेपर्यंत वाकते आणि सोडले की सरळ होते. ती मर्यादा ओलांडली की ते परत येत नाही, आणि जबरीने सरळ केले तर तिथेच केव्हातरी तुटते. हे मी दिवसभर दुसऱ्यांना शिकवीत असे.

काठी पुसली, पिशवीत ठेवली, आणि काही बोललो नाही.

का बोललो नाही? पगार बेताचा होता, तशी काठी कोणत्याही पैशाला मिळाली नसती, ही कारणे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगितली. पैसे तर त्याने घेतलेच नसते. ‘‘अरे, जाऊ दे,’’ एवढेच तो म्हणाला असता. त्या ‘जाऊ दे’चीच मला धास्ती होती. पुढच्या रविवारी त्याने मला न्यायला यावे, असे मला फार वाटत होते.

पुढच्या रविवारी तो आला. त्या दिवशी त्याचे सात नंबरचे चेंडू डावीकडे जाऊ लागले. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. तो पाय ठेवायची जागा बदलून पाहू लागला, मूठ बदलून पाहू लागला. चहा पिताना म्हणाला, ‘‘माझं काहीतरी बिघडलंय रे.’’ मी म्हणालो, ‘‘खांदा लवकर वळतोय तुझा.’’

हे वाक्य मला अजून अधूनमधून रात्री आठवते.

तीनचार आठवड्यांनी सात नंबर त्याच्या पिशवीतून नाहीशी झाली. तो सहा आणि आठवर भागवू लागला. त्याच सुमारास त्याची पिशवी उचलणारा कॅडीही बदलला. आधीचा एक पंधरासोळा वर्षांचा पोरगा होता, तिथे आता दुसराच दिसू लागला. मी विचारले नाही. पुढच्या वर्षी परत निघालेल्या एका परदेशी इंजिनियरची जुनी पिशवी मला साडेतीनशे रुपयांत मिळाली. हिने त्या साडेतीनशेंत काय काय आले असते याची यादी मला तोंडपाठ करून दिली. तेव्हापासून ती पिशवी जो मागेल त्याला मी देत आलो आहे. आता माझ्या औदार्याचे मूळ तुम्हाला कळले असेल.

गेल्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी ती मागितली. त्यांचे जावई परदेशातून आले होते आणि कोणीतरी त्यांना चेंबूरच्या मैदानावर नेणार होते. जावईबापूंनी पिशवी उघडली आणि त्यांना हसूच आवरेना. ‘‘काका, हे लाकडाचं आहे?’’ ड्रायव्हर नावाच्या सर्वांत लांब काठीचे डोके पूर्वी पर्सिमनच्या लाकडाचे असे. गेल्या चाळीस वर्षांत धातूच्या डोक्यांनी ते हद्दपार केले. मी त्यांना सांगितले, की हे पर्सिमन आपल्या टेंभुर्णीच्या जातकुळीतले. आपण तिच्या पानाच्या विड्या वळतो, साहेबांनी तिच्या भावंडापासून ही डोकी घडवली. त्यांना ही माहिती फारशी महत्त्वाची वाटली नसावी.

रविवारी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात जावईबापू उभे. शर्ट घामाने भिजलेला, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात एकच काठी निराळी धरलेली.

‘‘काका, तुमची सात नंबर वाकली. दगडावर बसली. माझी चूक झाली. तशीच मिळते का पाहतो. नाहीच मिळाली तर काय करू ते तुम्ही सांगा.’’

सगळे मिळून दहा सेकंद लागले असतील. मी म्हणालो, ‘‘अहो, जाऊ दे.’’ खरोखरच मनापासून म्हणालो. काठीचे मला काहीच वाटले नाही. ते जिना उतरून गेले तरी मी मात्र दारातच उभा होतो. शेवटी ही आतून म्हणाली, ‘‘अहो, दार लावा, डास येतात.’’

मित्र अजून चेंबुरातच राहतो. वय 86. गुडघ्यांमुळे खेळ बंद होऊन पुष्कळ वर्षे झाली. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गेलो. वहिनींनी चहा ठेवला, मी खुर्चीत बसलो, आणि जावईबापूंचेच शब्द मनात घोळवून एका दमात सगळे सांगून टाकले. झाड, मूळ, तांदळाचा दाणा, खांद्याबद्दल दिलेला सल्ला. काही ठेवले नाही.

तो ऐकत होता. मग हसू लागला. ‘‘खांदा! तुझ्या त्या खांद्यापायी मी दोन महिने आरशासमोर उभा राहत होतो!’’ वहिनीही बाहेर येऊन हसल्या. मला इतके हलके वाटले, की मी दुसरा कप मागितला.

तेव्हा तो हसायचा थांबला. ‘‘पण एक घोळ झाला बघ,’’ म्हणाला. ‘‘काठी वाकलीय हे मला नंतर कळलं. टेबलावर ठेवून पाहिली तेव्हा. मला वाटलं, त्या पोरानं पाडली. पिशवी तोच उचलायचा. मी त्याला विचारलं, ‘तुझ्या हातून झालं का?’ तो काही बोललाच नाही. खाली बघत उभा राहिला. मग मी त्याला घ्यायचं बंद केलं. आणि दोघातिघांना सांगितलंही, की पोरगा हलगर्जी आहे.’’

मी कप खाली ठेवला. त्या दिवशी झाडाशी आम्ही दोघेच होतो. पोरगा माझ्यापासून चार पावलांवर पिशवी घेऊन उभा होता. त्याने काठी आदळताना पाहिली, मी ती डोळ्यांसमोर धरून न्याहाळताना पाहिली, आणि मी पुसून पुढे केलेली काठी पिशवीत घेतलीही त्यानेच. साहेबाच्या पाहुण्याचे नाव साहेबाला कसे सांगायचे? सांगितले असते तर ऐकले असते का? त्या दिवसांत कॅडीला फेरीमागे मिळणारे पैसे म्हणजे आमच्या चहापाण्याइतके. पण त्याच्या घरी ते मोजून वापरले जात असणार.

‘‘नाव काय रे त्याचं?’’ मी विचारले.

मित्राने डोळे मिटले. मीही आठवू लागलो. सावळा होता. अनवाणी असायचा. चेंडू कितीही लांब गवतात गेला तरी नेमका तिथे जाऊन उभा राहायचा. तुर्भ्याच्या कोळीवाड्यातून येतो असे एकदा म्हणाला होता, की माहूलहून? अर्धा तास आम्ही दोघे म्हातारे खटपट करीत होतो. मैदानावरचा प्रत्येक खड्डा आठवला, 1973 साली कोणी किती फटक्यांत कोणती फेरी संपवली तेही आठवले. नाव काही आठवले नाही. वहिनी म्हणाल्या, ‘‘तुम्ही त्याला हाक काय मारायचात?’’

‘‘पोरा,’’ मित्र म्हणाला. मीही तेच म्हणत असे.

निघताना त्याने मुलाला माळ्यावर चढवून ती सात नंबर खाली काढायला लावली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. मुठीचे कातडे कडक होऊन तडकले आहे, दांड्यावर गंजाचे ठिपके आहेत, आणि बाक आहे तसाच आहे. रिक्षात ती आडवी मावेना, म्हणून दोन्ही गुडघ्यांत उभी धरून घरी आणली. हिने दारातच विचारले, ‘‘ही आणि कोणाची?’’ मी म्हणालो, ‘‘उसनी आणलीय.’’

आता दोन वाकड्या सात नंबर कपाटामागे शेजारी शेजारी उभ्या आहेत. क्लबच्या फाटकाशी सकाळी जुनी माणसे बसलेली असतात, त्यांतले काही पूर्वीचे कॅडी आहेत असे रिक्षावाल्याने सांगितले. तो पोरगा असलाच तर आज पासष्टीच्या पुढचा असेल. दोन रविवार जाऊन आलो. पहिल्या रविवारी कोणाला काही सांगता आले नाही. दुसऱ्या रविवारी एकाने, तुर्भ्याच्या धक्क्याजवळ राहणाऱ्या कोणा एकाचा पत्ता खुणांनी सांगितला. तोच हा की नाही, याची त्यालाही खात्री नाही. हिला सगळे सांगितले आहे. ती काही बोलली नाही. काल पहिला घाणा निघाला तेव्हा चकल्यांचा एक डबा तिने बाजूला काढून ठेवला. त्या डब्यावर मात्र नाव नाही. येत्या रविवारी मी धक्क्याकडे जाणार आहे.